दुर्बिणीतला शनी आणि वडिलांची साडेसाती

निपाणीजवळच्या एका तरुणानं विचारलंय. वडिलांची पिठाची गिरणी आहे, वय ५८, जन्म १९६७ चा, रास मेष. गिरणीला लागून एक खोली रिकामी आहे, तिथं मिरची कांडप यंत्र बसवायचं असं घरात दोन वर्षं चाललंय. पण २०२५ च्या मार्चअखेरीस साडेसाती लागली आणि आजीनं बजावलं, ‘साडेसातीत शनीचं लोखंड दारात आणू नको.’ तेव्हापासून वडील त्या विषयावर तोंड उघडत नाहीत. इकडे या मुलानं नोव्हेंबरात कॉलेजच्या आकाशदर्शनात दुर्बिणीतून शनी पाहिला. पोस्टरवरचं ऐटदार कडं दिसेल म्हणून अर्धा तास रांगेत उभा राहिला, आणि दिसलं काय, तर लिंबातून आरपार दाभण खुपसल्यासारखी एक बारीक रेघ. तो विचारतो : हा एवढासा ठिपका आमच्या गिरणीचं काय बिघडवणार? आणि तो काही करत नसेल, तर शनी म्हणजे उशीर, कष्ट, म्हातारपण, लोखंड हे कुणी आणि कशावरून ठरवलं? सगळ्या थापाच का?

आधी माझं सांगतो, म्हणजे पुढचं कुठून येतंय ते कळेल. मी खानापूर तालुक्यातला. वडील गावचे जोशी, पाडव्याला देवळात पंचांग वाचायचे. मी शाळेत गणित शिकवून निवृत्त झालो. पत्रिका अजून मांडतो. आणि वीसेक वर्षं माझ्याकडे एक आठ इंची दुर्बीण आहे, ती गाडीत घालून जांबोटी, कणकुंबीकडच्या गावांत नेतो. त्यामुळं दोन्हीकडून बोलणी खातो. विज्ञानवाले म्हणतात पत्रिका कशाला मांडता, आणि पत्रिका दाखवायला येणारे म्हणतात ते नळकांडं कशाला.

तुम्ही दोन प्रश्न विचारलेत, पण गुंता तिसऱ्याचा आहे. आकाशातला शनी कसा आहे, हा पहिला. त्याला चिकटलेले अर्थ आले कुठून, हा दुसरा. या दोन्हींना नीट उत्तरं आहेत आणि ती एकमेकांशी भांडत नाहीत. एका गल्लीत एकाच नावाचे दोन पाटील असले की पत्रं इकडची तिकडं जातात, तसं शनीचं झालंय, एवढंच. तिसरा प्रश्न तुम्ही विचारलाच नाहीत : वडील यंत्र का घेत नाहीत? त्याकडं शेवटी येतो.

आकाशातला शनी लवकर उरकतो, तो कुठल्याही पुस्तकात सापडतो. पृथ्वीच्या सुमारे साडेनऊ पट रुंद, सूर्यापासून साधारण १४३ कोटी किलोमीटर लांब, बहुतांश हायड्रोजन आणि हेलियम. सरासरी घनता पाण्यापेक्षाही कमी. म्हणजे ज्याला आपण ‘जड ग्रह’ म्हणतो तो घनतेच्या हिशेबानं ग्रहमालेतला सगळ्यांत हलका. कडी मुख्यतः पाण्याच्या बर्फाच्या तुकड्यांची. लोखंडाचंच म्हणाल तर ते मंगळावर शोधा. त्याचा तांबूस रंग लोखंडाच्या गंजाचा आहे. आजीचं भय लोखंडाचं असेल तर तिनं ग्रह चुकीचा निवडलाय.

तुम्हाला कडं रेघेसारखं दिसलं यात दुर्बिणीचा दोष नाही. शनी सूर्याभोवती फिरताना साधारण पंधरा वर्षांनी पृथ्वी त्याच्या कड्याच्या पातळीत येते, आणि ते कडं रुंदीच्या मानानं इतकं पातळ आहे की काठावरून पाहिलं की नाहीसंच होतं. २०२५ च्या मार्चमध्ये तसं झालं आणि नोव्हेंबरात ते पुन्हा जवळजवळ मिटलं होतं. गॅलिलिओलाही हा चकवा बसला होता. १६१० मध्ये त्याला शनीच्या दोन्ही बाजूंना काहीतरी चिकटल्यासारखं दिसलं, १६१२ मध्ये बघतो तर गायब. ते कडं आहे हा उलगडा ह्युजेन्सनं १६५० च्या दशकात केला. आता गंमत बघा. पोस्टरवरचा शनीसुद्धा प्रतीकच की! शेकडो फोटोंतून निवडलेली त्याची सगळ्यांत देखणी बाजू, वर रंग उजळलेले. देवळातला शनी काळा, कावळ्यावर बसलेला. पोस्टरवरचा शनी तिरकी टोपी घातलेला. दुर्बिणीतला या दोघांशीही जुळला नाही, म्हणून तुम्ही खट्टू झालात.

दुसरा प्रश्न मला जास्त आवडतो. ज्यांनी हे अर्थ बसवले त्यांच्याकडं दुर्बीण नव्हती. डोळे होते, आणि बापानं पाहिलेलं मुलानं लक्षात ठेवायची शिस्त होती. तुम्हीही करून बघा. दर महिन्याला एकदा गच्चीवर जाऊन शनी कुठल्या चांदणीजवळ आहे ते वहीत काढून ठेवा. चंद्र रोज एक नक्षत्र ओलांडतो. शुक्र आठवड्यात सरकलेला कळतो. शनी महिना उलटला तरी तिथल्या तिथंच. वर्षाकाठी सरासरी बारा अंश, म्हणजे हात लांब करून मूठ धरली तर एका मुठीहून थोडं जास्त. एक रास ओलांडायला अडीच वर्षं, सगळी फेरी साडेएकोणतीस वर्षांची. म्हणून नाव शनैश्चर, सावकाश चालणारा. ‘मंद’ हेही त्याचंच नाव. मग कथेत त्याचा पाय अधू झाला. हळू चालतो तो म्हातारा, म्हातारा तो कडक आणि हिशेबी. दिसायला फिका, म्हणून सावलीचा मुलगा. एका माणसाच्या आयुष्यात दोनदा, फार तर तीनदा फेरी पुरी करतो, म्हणून उशिरानं मिळणाऱ्या फळाचा आणि जुनी उधारी वसूल करण्याचा मालक.

यातली पहिली पायरी निव्वळ निरीक्षणाची आहे, पुढच्या उपमेच्या. पहिल्या पायरीवर मी कुणाशीही पैज लावीन. मधल्या पायऱ्या मला सुंदर वाटतात. आणि शेवटी लोखंड, उडीद, तेल, काळं कापड इथपर्यंत येतो तेव्हा आकाश केव्हाच मागं पडलेलं असतं, उरते ती रूढी. थापा म्हणू नका. पण ही सगळी वाक्यं एकाच वजनाची आहेत असंही समजू नका.

डोळ्यांनी पाहिलेलं किती खोल मुरलंय याचं एक उदाहरण तुम्ही रोज ओलांडता. बेळगावात शिकताय म्हणजे शनिवार खुटावरून जातच असाल. शनिवारनंतर रविवारच का, असा कधी विचार केलात? जुन्या लोकांनी ग्रह वेगाच्या क्रमानं लावले, सगळ्यांत मंद आधी : शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. दिवसाचे चोवीस होरे, म्हणजे तास, प्रत्येक होऱ्याचा एक मालक, आणि पहिल्या होऱ्याचा मालक तो दिवसाचा मालक. शनीपासून मोजायला लागा. पंचविसावा होरा, म्हणजे दुसऱ्या दिवशीचा पहिला, रवीचा येतो. तिथून पुन्हा पंचविसावा चंद्राचा, म्हणून सोमवार. बोटांवर करून बघा, सातही वार बिनचूक येतात. बाजाराचा दिवस, उपासाचा दिवस, शाळेची सुट्टी, सगळं या वेगाच्या यादीवर उभं आहे. आणि ही यादी डोळ्यांनी केलेली, तरी बरोबर आहे. चंद्र आणि रवी सोडले तर सर्वांत मंद ग्रह सूर्यापासून सर्वांत लांब, हे आजही खरं.

गुरूचंही तसंच. २०१६ साली नृसिंहवाडीला कन्यागत झालं तेव्हा चिकोडी-निपाणीकडून गाड्याच्या गाड्या गेल्या. ती पर्वणी म्हणजे गुरू कन्या राशीत येणं. त्याची फेरी ११.८६ वर्षांची, म्हणून असं पर्व बारा वर्षांनी येतं.

शुक्राच्या बाबतीत मात्र अर्थ आणि वस्तुस्थिती यांच्यात एवढी दरी आहे की मुलांना सांगताना मला हसू येतं. आपले कन्नड शेजारी त्याला ‘बेळ्ळी चुक्की’ म्हणतात, चांदीची चांदणी. पत्रिकेत तो रूप, संसारसुख, अत्तर, दागिने. प्रत्यक्षात पृष्ठभागावर ४६० अंशांहून जास्त उष्णता, शिसं ठेवलं तर वितळेल. हवेचा दाब आपल्या नव्वद पट आणि ढग गंधकाम्लाचे. पण त्याला रूपवान म्हणणारा चुकला का? त्यानं संध्याकाळी पश्चिमेला जे पाहिलं तेच सांगितलं. त्या दाट ढगांवरूनच तर एवढा उजेड परावर्तित होतो. आणि गुरू-शुक्राच्या अस्तात लग्नं काढत नाहीत, तो अस्त म्हणजे ग्रह सूर्याच्या एवढ्या जवळ येणं की डोळ्यांना दिसेनासा होणं. साक्षीला बोलवायचा पाहुणाच गावात नाही, तर कार्य पुढं ढकला, असा तो भाव.

मंगळाबद्दल एकच गणित देतो, तुमच्या बहिणीच्या किंवा मैत्रिणीच्या कामी येईल. लग्नस्थानापासून पहिलं, चौथं, सातवं, आठवं, बारावं यांपैकी कुठल्याही घरात मंगळ असला की पत्रिका मंगळाची. बारांतली पाच घरं. मंगळ जागचा हलला नाही तरी पृथ्वी दिवसभरात स्वतःभोवती फिरते आणि त्याला बाराही घरांतून फिरवून आणते. म्हणजे कुठल्याही दिवशी चोवीसपैकी साधारण दहा तासांत जन्मलेलं प्रत्येक बाळ मंगळाचं. निम्म्याला जरा कमी गाव! राहू-केतू तर गोळेच नाहीत. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला जिथं छेदते ते दोन बिंदू. ग्रहण सावलीमुळं होतं हे आर्यभटानं ४९९ च्या सुमारास लिहून ठेवलंय, आणि तरी राक्षसाची गोष्ट सांगायची आपण थांबलो नाही. थांबायची गरजही नव्हती.

आता तुमच्यासारखी मुलं हमखास जिथं अडकतात तिथं येतो. २०२५ च्या जून-जुलैत पाश्चात्य पद्धतीचं ॲप उघडलं असतं तर शनी मेषेत दिसला असता, आपल्या पंचांगात तेव्हा तो मीनेत होता. गोळा एकच, पत्ते दोन. त्यांची मेष वसंतसंपातापासून, म्हणजे मार्चमध्ये सूर्य विषुववृत्त ओलांडतो त्या बिंदूपासून, सुरू होते, आपली ताऱ्यांच्या हिशेबानं, आणि पृथ्वीचा आस डोलत असल्यामुळं दोन्हींत आज सुमारे चोवीस अंशांचं अंतर पडलंय. दर ७२ वर्षांनी एक अंश वाढतो. सूर्य उत्तरेकडं वळतो २१-२२ डिसेंबरला आणि आपण तिळगूळ वाटतो १४-१५ जानेवारीला, ते यामुळंच. मी दोन्ही पद्धतींनी पत्रिका मांडून बघितल्यात. लोकांच्या आयुष्यात मला त्यामुळं काही फरक पडलेला दिसला नाही.

वक्रीचंही, म्हणजे ग्रह उलटा चालल्यासारखा दिसण्याचंही, लोकांना उगाच भय. हमरस्त्यानं संकेश्वरकडं जाताना आपली बस उसाचा ट्रॅक्टर मागं टाकते, तेव्हा लांबच्या झाडांच्या पुढं तो ट्रॅक्टर क्षणभर मागं सरकल्यासारखा वाटतो. पृथ्वी आतल्या वाटेवर, शनी बाहेरच्या. दरवर्षी आपण त्याला गाठून पुढं जातो आणि साडेचार महिने तो मागं चालल्यासारखा दिसतो. ट्रॅक्टरवाल्याला याची खबरही नसते.

मग माझं मत काय? ग्रहांचे अर्थ ही आकाश पाहून रचलेली भाषा आहे. त्या भाषेत माणसाच्या वयाबद्दल, धीराबद्दल, घाईबद्दल फार चांगलं बोलता येतं. पण त्या भाषेतला शब्द उठून गिरणीचा पट्टा तोडू शकत नाही. ओढच मोजायची तर जन्मलेल्या बाळावर शनीची गुरुत्वाची ओढ साधारण शेजारी बसलेल्या सुईणीच्या ओढीएवढीच भरते. हे मी आज ठामपणे सांगतो, पूर्वी सांगत नव्हतो. नव्वदच्या दशकात वडगावचा एक विणकर माझ्याकडं आला. दुसरा यंत्रमाग विकत मिळत होता, घ्यावा का विचारत होता. मी पत्रिका बघितली, शनी त्याच्या चंद्रराशीपासून आठवा होता, म्हणालो ‘अडीच वर्षं थांब’. तो थांबला. तो माग शेजाऱ्यानं घेतला आणि मुलाला धंद्याला लावलं. माझ्याकडं आलेला विणकर अडीच वर्षांनी माग घ्यायला निघाला तेव्हा किमती त्याच्या हाताबाहेर गेल्या होत्या. मला तो एका शब्दानं बोलला नाही, रस्त्यात नमस्कार करायचा. तो नमस्कार मला फार लागला. मी त्याला धंद्याचा एकही प्रश्न विचारला नव्हता. सूत कुठून घेतो, उधारी किती थकलीय, घरात माग चालवणारे हात किती, काही नाही. त्यानंतर मी पत्रिका उघडण्याआधी हे विचारतो, आणि बऱ्याचदा पत्रिका उघडायची वेळच येत नाही.

साडेसातीचा हिशेब वडिलांना जरूर सांगा. चंद्ररास, तिच्या आधीची आणि नंतरची, अशा तीन राशींतून शनी जातो तो काळ साडेसात वर्षांचा. म्हणजे कुठल्याही क्षणी बारांपैकी तीन राशींना साडेसाती असतेच, सध्या कुंभ, मीन आणि मेष. बेळगावच्या भाजी मंडईत उभे राहा, साधारण दर चौथा माणूस साडेसातीत आहे. तो भाव करतोय, माल उचलतोय, पोरीचं लग्न ठरवतोय. वडिलांच्या गिरणीत दळण घेऊन येणाऱ्यांतही चौथा डबा साडेसातीवाल्याचाच. आणि वडिलांचं वय बघता याआधीची साडेसाती १९९६ च्या आगेमागे सुरू झाली असणार. त्या साडेसात वर्षांत घरात काय काय झालं ते त्यांनाच विचारा. कदाचित तुमचे आईवडील तेव्हाच एकत्र आले असतील, गिरणी तेव्हाच घातली असेल.

आणि आता तो न विचारलेला तिसरा प्रश्न. इथं परिस्थितीवर अवलंबून आहे, मी लांबून ठामपणे सांगू शकत नाही. माझ्या अनुभवात साडेसातीचं नाव घेणारे तीन तऱ्हेचे असतात. काहींना खरोखर भीती वाटते. काहींना आईचा शब्द मोडायचा नसतो. आणि बरेच जण असे, ज्यांना ‘मला जमणार नाही’ हे मुलासमोर म्हणवत नाही, म्हणून ते शनीला पुढं करतात. वडिलांच्या जन्मवेळी शनी मीनेत होता, आज पुन्हा मीनेत आहे. त्याच्या दोन फेऱ्या झाल्या. हे घड्याळ खरं आहे. ५८ व्या वर्षी पतसंस्थेचं नवं कर्ज अंगावर घेताना कुणाचाही हात अडखळेल, त्याला शनी लागत नाही. मिरचीचा खकाणा दिवसभर छातीत जातो तेही त्यांना माहीत असेल, आणि तुम्ही शिकून नोकरीला बाहेर गेलात तर यंत्रावर उभं कोण राहणार, हेही. तेव्हा घनतेचे आणि किलोमीटरचे आकडे घेऊन त्यांच्याशी वाद घालू नका. हप्ता किती बसतो, हंगामात किती मिरची येईल, विजेचा भार वाढवून मिळेल का, आणि तुमचा स्वतःचा बेत काय, हे कागदावर मांडून पुढं ठेवा. आकडे पाहून ते बोलायला लागले तर समजा की शनी अडवत नव्हता. आकडे जुळूनही ते नाहीच म्हणाले आणि ‘आईला नको आहे’ एवढंच सांगितलं, तर आजीशी बोलावं लागेल. तिथं यंत्र शुक्रवारी आणलं तर चालेल का, असं विचारलंत तरी मला त्यात कमीपणा दिसत नाही.

आजीला दुर्बिणीतून शनी दाखवावा का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. दाखवा, पण तिला हरवायला नको. सातआठ वर्षांपूर्वी कणकुंबीकडच्या एका गावात सत्तरीच्या एका बाईनं दुर्बिणीला डोळा लावला होता. तेव्हा कडं चांगलं उघडलेलं होतं. बराच वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, ‘ह्याला मी चाळीस वर्षं तेल घालायलोय होय? लई लांब हाय की वो मास्तर बिचारा.’ आणि हात जोडले. पुढच्या शनिवारी तेल घातलंच असणार.

मार्चमध्ये शनी सूर्याच्या उजेडात जाईल, पावसाळ्यात आपल्याकडं आकाशच नसतं. दसऱ्यानंतर संध्याकाळी पूर्वेच्या बाजूला पाहा, तोवर कडंही थोडं उघडलेलं असेल. मी जांबोटीच्या वाटेवर दुर्बीण लावणार आहेच. आजीला घेऊन या, रात्री तिथं गारठा असतो, तेवढी शाल असू द्या.